विहीर तुडुंब, तरी मार्चात टँकर : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचं प्रकरण

24 जुलै 2023, सोमवार. परिपाठ आटोपून सातवीची मुलं टेप घेऊन गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर गेली. विहीर 40 फूट खोल. त्या दिवशी पाणी जमिनीपासून जेमतेम 4 फुटांवर होतं, बादलीला दोन हात दोर पुरत होता. सरपंचताईही पाहायला आल्या होत्या. "यंदा काही भेव नाई सर," त्या म्हणाल्या, "उन्हाळा निघून जाते आता."

8 मार्च 2024, महाशिवरात्र. त्याच विहिरीतली मोटर हवा ओढायला लागली. 38 फुटांवर पाणी, त्याखाली गाळ. दोन दिवसांत बायका नाल्याच्या तळाला झिरे खोदून तांब्यानं घागरी भरू लागल्या, आणि महिना संपायच्या आत गावात टँकर आला.

जुलैत पाऊस कमी पडला असता, तर कोणी काही विचारलंच नसतं. पण पाऊस पडला होता, विहीर भरली होती, सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. "पानी गेलं तरी कुठं?" हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला पारावर, शाळेच्या फाटकाशी, एसटीत, सगळीकडं विचारला गेला. मी इथं विज्ञान शिकवतो. 2022 च्या जूनपासून माझे विद्यार्थी दर पंधरवड्याला गावातल्या चार विहिरींची पातळी वहीत लिहितात. मला जे उत्तर सापडलं ते त्या वहीतून सापडलं. गावाचं नाव देत नाही. दोन-अडीचशे उंबऱ्यांचं, कापूस-सोयाबीन-तुरीचं, विदर्भात शेकड्यांनी सापडेल असंच ते गाव आहे.

पोटातला दगड

आधी जमिनीखालचं बोलायला हवं. ते सोडून थेट पावसावर आलं की सगळा हिशेब चुकतो.

आमचं गाव दख्खनच्या बसाल्टवर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग त्यांनी झाकला. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग त्यातच येतो. वणीकडं उतरलं की दगड बदलतो, पण आमच्याकडं कुठंही खोदा, क्रम एकच. गावात एक काका आहेत, त्यांचं उभं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं. ते सांगतात, "वरतं काळी, मंग मुरूम, मंग मांजऱ्या, अन् त्याच्या खाली काळा दगड. काळा दगड लागला का सब्बल बोलते. टण्ण. मंग समजाचं, आता पानी नाई."

मांजऱ्या म्हणजे लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकून राहिले तो खडक. त्यातल्या बऱ्याच पोकळ्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरल्या, म्हणून तो ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, या मांजऱ्याच्या मोकळ्या पोकळ्यांत आणि भेगांत. खालचा काळा दगड घट्ट. त्यात क्वचित एखादी सांध मिळाली तर बोअरला पाणी लागतं, नाही तर तीनशे फूट धूळ निघते.

हे साठवणीचं भांडं किती मोठं? देशभर भूजलाचा अंदाज काढायला जी पद्धत 1997 मध्ये ठरली, तिच्यात झिजलेल्या बसाल्टसाठी दोन आकडे दिलेले आहेत. एक, पडलेल्या पावसापैकी साधारण 7 टक्के पाणी भूजलापर्यंत पोचतं असं धरायचं. दोन, असा खडक पाण्यानं पूर्ण भरला तरी 100 लिटर खडकातून 2 लिटरच पाणी विहिरीला मिळतं. नदीकाठच्या वाळूच्या थरात हाच दुसरा आकडा 16 धरतात.

आता आमच्या भागातला साधारण 900 मिलिमीटर पाऊस घ्या. त्याचे 7 टक्के म्हणजे 63 मिलिमीटर. ते 2 टक्के पोकळी असलेल्या खडकात शिरलं की पातळी सव्वातीन मीटरच्या आसपास चढते. दहा फूट! सातवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सोडवलं तेव्हा मुलांना आधी आनंद झाला. मग मी उलटं गणित घातलं. एका एकराखालचं हे दहा फूट पाणी म्हणजे किती लिटर? उत्तर आलं, अडीच लाखांच्या जरा वर. खडकात पोकळी कमी, म्हणून थोड्याशा पाण्यानं पातळी झपाट्यानं चढते. आणि त्याच कारणानं थोडासा उपसा झाला की ती झपाट्यानं उतरते. वाळूच्या प्रदेशात विहीर दहा फूट चढली तर ती मोठी मिळकत. आमच्याकडं दहा फूट म्हणजे एका वर्षाची कशीबशी बेगमी.

विदर्भातही सगळीकडं असं नाही, हे मधेच सांगून ठेवतो. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, तिथं साठा मोठा पण बराचसा खारा, म्हणून तो खारपाणपट्टा. भंडारा-गोंदियाकडं ग्रॅनाइटसारखा जुना कठीण दगड, आणि तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर धान पिकवलं. आमचं उत्तर त्यांना लागू पडणार नाही.

वहीत काय दिसलं

चारपैकी दोन विहिरींबद्दलच लिहितो, कारण त्या दोघींनी मिळून सगळं सांगितलं.

पहिली पाणीपुरवठ्याची. ती नाल्यापासून साठेक फुटांवर आहे, भोवती भारी काळी जमीन. हिला मुलं 'नाल्याची' म्हणतात. दुसरी गावाच्या वरच्या अंगाला, बरडाच्या, म्हणजे हलक्या मुरमाड माळाच्या पायथ्याशी, एका काकूंच्या वावरात. 45 फूट खोल, वर हलका मुरूम, बाजूला मांजऱ्या उघडा दिसतो. ही 'मधली'.

मोजायची रीत साधी आहे. कठड्यावर लाल रंगाची खूण केलेली, तिथूनच टेप सोडायची. टेपच्या टोकाला वजन, आणि शेवटच्या काही फुटांवर फळ्याचा खडू घासलेला. पाण्यात बुडालेला खडू काळपट होतो आणि वर ओढल्यावर पाण्याची रेघ स्पष्ट वाचता येते. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. मोजायचं सकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आत.

2023 ला मोसमी पाऊस आमच्याकडं उशिरा आला, जूनच्या चौथ्या आठवड्यात. आल्यावर चार-पाच दिवस बरा झाला, पण दोन्ही विहिरी तसूभर हलल्या नाहीत. उलट नाल्याची आणखी खाली गेली. याचं नवल वाटायला नको. मे महिन्यात काळ्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी त्यांत शिरतं, माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग मातीची स्वतःची तहान भागेपर्यंत खाली थेंब जात नाही. आमच्याकडचा पहिला पाऊस पेरणीचा असतो, विहिरीचा नसतो. उष्ण प्रदेशात आठ महिने ऊन माती कोरडी करतं, त्या आठ महिन्यांचं कर्ज आधी फेडावं लागतं.

मग 21 जुलैची रात्र आली. शाळेचा पर्जन्यमापक 125 मिलिमीटरचा, तो भरून सांडला, म्हणून त्या रात्रीचा खरा आकडा आमच्या वहीत नाही. आमच्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावी लागली, ती हीच वेळ. तीन दिवसांनी नाल्याची विहीर 4 फुटांवर होती आणि मधली 19 फुटांवर. गावानं नाल्याची पाहिली आणि निश्चिंत झालं.

पुढं ऑगस्ट कोरडा गेला. देशभराचा विचार केला तर 1901 पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. त्या साली श्रावण अधिक आला होता. दोन-दोन श्रावण असूनही झड काही लागली नाही. मघा कोरड्या गेल्या. सोयाबीन शेंगा धरायच्या वेळी माना टाकू लागलं, तेव्हा ज्यांच्या विहिरी भरल्या होत्या त्यांनी तुषार सिंचनाचे संच लावले. ऑगस्टात मोटारी चालू असलेल्या मी आमच्या गावात पहिल्यांदा पाहिल्या.

23 ऑगस्टला नाल्याची विहीर 13 फुटांवर उतरली होती. महिन्याभरात 9 फूट. ते अपेक्षितच होतं. पण मधली विहीर मोजून आलेली मुलगी वर्गाच्या दारात घुटमळत उभी राहिली. "सर, मोजमाप चुकलं वाट्टे. तीनदा मोजलं." तिच्या वहीत 17 फूट लिहिलेलं होतं. 19 वरून 17. महिनाभर पाऊस नाही आणि पातळी दोन फूट वर.

मी स्वतः जाऊन मोजलं. चूक नव्हती. बरडावरच्या मुरमात जुलैचं पाणी शिरलं होतं, ते उतारानं, पोकळीपोकळीतून, महिनाभर सरकत सरकत काकूंच्या विहिरीपर्यंत येत होतं. काकूंकडं सगळी कोरडवाहू तूर आणि पऱ्हाटी, मोटर फक्त ढोरांसाठी. म्हणून पावसाच्या उशिरा येणाऱ्या पाण्याची चाल तिथं स्वच्छ दिसली. नाल्याची विहीर तीन दिवसांत भरली, कारण ती सखल भागात आहे, वरचं वाहतं पाणी आणि आजूबाजूचा उथळ पाझर तिथं आधी पोचतो. जी लवकर भरते तिचं पाणी जास्त, असं आपण धरून चालतो. त्या दिवसापासून मी तसं धरत नाही.

आणखी एक. 4 फुटांवर पाणी आलेल्या विहिरीभोवतीची जमीन भरलेली असते. जुलैच्या त्या आठवड्यात नंतर पडलेला प्रत्येक थेंब नाल्यानं वाहून गेला, आत जायला जागाच नव्हती. एका आठवड्यात कोसळलेल्या पावसाचा मोठा हिस्सा असा वाया जातो. तोच पाऊस ऑगस्टच्या चार आठवड्यांत झडीनं पडला असता, तर पिकांनी प्यायलेलं पाणी त्यानं भरून काढलं असतं आणि भांडं काठोकाठ राहिलं असतं. 2022 ला नेमकं तसं झालं होतं. पाऊस लांबला, ऑक्टोबरातही पडत राहिला, आणि नाल्याच्या विहिरीनं मे महिन्यापर्यंत साथ दिली. पावसाळ्याची बेरीज पाहून उन्हाळ्याचा अंदाज बांधणं आमच्या दगडावर चालत नाही. पाऊस किती दिवसांत वाटून पडला आणि शेवटचा कधी पडला, हे पाहावं लागतं.

हे सगळ्या उष्ण प्रदेशांना लागू नाही. टांझानियात डोडोमाजवळ माकुटापोरा इथं 55 वर्षांच्या विहीर-नोंदी आहेत. तिथं उलट दिसतं. साध्या पावसाच्या वर्षांत पातळी नुसती उतरत राहते आणि एखाद्या अतिवृष्टीच्या हंगामात एकदम चढते. 1997-98 च्या अल निनोच्या हंगामात तशी मोठी चढ झाली. तिथं झिजलेल्या ग्रॅनाइटचा जाड थर आहे, मोठा पाऊस गिळायला जागा आहे. आणि पूर्व आफ्रिकेत अल निनो पाऊस आणतो, तर आपल्याकडं 2023 च्या अल निनोनं ऑगस्ट कोरडा केला. पाऊस आणि भूजल यांचं नातं खालचा दगड ठरवतो, म्हणून एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला, किंबहुना एका खोऱ्याचा दुसऱ्या खोऱ्याला, उचलून लावता येत नाही.

डीपी जळाली ते सहा दिवस

इथवर माझा समज असा होता की नाल्याची विहीर उतरली ती शेजारच्या मोटारींमुळं. तसं मी ग्रामपंचायतीत बोलूनही दाखवलं होतं. तो समज अर्धाच खरा निघाला.

23 ऑगस्टच्या संध्याकाळी त्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी यायला 29 तारीख उजाडली. गावाच्या नळाची मोटरही त्याच डीपीवर, त्यामुळं सहा दिवस त्या पट्ट्यात एकही मोटर चालली नाही. गावाचे हाल झाले, सोयाबीनचे त्याहून जास्त. पण मला आयुष्यात असा प्रयोग पुन्हा मिळाला नसता. पाऊस नाही आणि उपसा नाही, आता पातळी थांबायला हवी. मुलांना रोज सकाळी मोजायला सांगितलं.

पातळी थांबली नाही. सहा दिवसांत 14 इंच खाली गेली. आधीच्या महिन्यात मोटारी चालू असताना ती रोज सरासरी साडेतीन इंच उतरत होती, आणि आता मोटारी बंद असताना रोज सव्वादोन इंच. म्हणजे ढोबळ मानानं तीन हिश्श्यांतले दोन हिस्से पाणी कोणी उपसतच नव्हतं. ते आपणहून कुठंतरी जात होतं. मधली विहीर त्याच सहा दिवसांत जागच्या जागी होती.

27 ऑगस्टला, रविवारी, मी आणि दोन पालक नाल्यात उतरलो. हा नाला 2021 मध्ये एका योजनेतून खोल केलेला. आधी तो काठापासून 6 फूट खोल होता, पोकलेननं तो 15 फूट केला. काम झालं तेव्हा त्यात पाणी साठलेलं पाहून सगळ्यांना समाधान वाटलं होतं, मलाही.

पुलापासून वर चालत गेलो. विहिरीच्या अंगाच्या काठात, तळापासून कमरेइतक्या उंचीवर, एक ओली रेघ लांबवर गेलेली होती. रेघेच्या वर मुरूम कोरडा, पांढुरका, हात लावला की भुरभुर गळणारा. रेघेखाली तो काळा पडलेला, घाम फुटल्यासारखा. जागोजागी शेवाळ धरलेलं, बेडकाची पिल्लं, आणि मुरमाच्या बारक्या फटींतून पाण्याच्या दोऱ्या खाली उतरत होत्या. पावसाचा थेंब नसताना. सोबतच्या एका भाऊनं एका फटीत रुईचं पान खोचून पाण्याला धार दिली आणि खाली स्टीलचा डबा धरला. एक लिटर भरायला चार मिनिटं लागली. म्हणजे त्या एका फटीतून दिवसाला 360 लिटर. तशा फटी मोजत पुढं निघालो आणि चाळीसनंतर थांबलो. रोजचे चौदा हजार लिटर, तेही एकाच काठाचे, अर्ध्याच लांबीचे. खेड्यात येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो. आमच्या विहिरीचं पाणी रोज एक टँकर भरून नाल्यानं खालच्या गावाकडं चाललं होतं, आणि आम्ही काठावर उभे राहून मोटारींना दोष देत होतो.

दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी लावून पातळ्या जुळवल्या. विहिरीजवळची जमीन नाल्याच्या काठापेक्षा 5 फूट उंच. म्हणजे नाल्याचा जुना तळ विहिरीच्या हिशेबानं 11 फुटांवर होता आणि नवा 20 फुटांवर. भूजल नेहमी सखल जागेकडं ओघळतं. पूर्वी विहिरीचं पाणी 11 फुटांवर आलं की नाल्याकडं जाणारी गळती थांबायची. खोलीकरणानंतर ती 20 फुटांपर्यंत चालू राहू लागली. मधले 9 फूट पाणी आम्ही नाल्याला देऊन टाकलं. वर जो दहा फुटांचा हिशेब मांडला तो आठवा. नऊ फूट म्हणजे नाल्यालगतच्या पट्ट्याचं जवळजवळ एका वर्षाचं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं जमिनीत मुरणारं पाणी.

खोलीकरण नेहमी वाईट असतं असं मी म्हणत नाही. तळ घट्ट दगडाचा असेल आणि काठाला पाणीधर मुरूम नसेल, तर नुकसान फारसं नाही. गाळ काढण्यानंही काही बिघडत नाही. पण गाळाखालचा मुरूम आणि मांजऱ्या कापला की पाणी धरून ठेवणाऱ्या थरालाच भोक पडतं. मशीन सुरू करायच्या आधी काठाच्या विहिरींची पातळी आणि नाल्याचा तळ एकदा नळीनं जुळवून पाहायला एक सकाळ लागते. आमच्याकडं ती सकाळ कोणी दिली नाही, आणि याची मला आजही हळहळ वाटते.

2022 ला हे लक्षात का आलं नाही, तेही सांगायला हवं. त्या वर्षी पाऊस थांबत नव्हता. नाला जितकं ओढत होता तितकं वरून भरत होतं. लांबलेल्या पावसानं गळती झाकली आणि 2023 च्या उघाडीनं ती उघडी पाडली.

नाल्यानंतर आम्ही

सप्टेंबरात तुटक पाऊस झाला आणि पोळ्यानंतर पातळी थोडी सावरली. 30 सप्टेंबरला नाल्याची 12 फुटांवर, मधली 15 फुटांवर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. आमची विहीर त्यांच्या यादीत नाही. असती, तर ऑक्टोबरच्या आकड्यात काही वावगं दिसलं नसतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर नाल्याची 20 फुटांवर आली. इथून खाली नाला काही ओढू शकत नव्हता. पुढचं पाणी आम्हीच संपवलं.

त्या पट्ट्यातल्या पाच शेतकऱ्यांनी मिळून नऊ एकर गहू पेरला होता. आधी तिथं हरभरा असायचा. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण जुलैत भरलेली विहीर पाहून आणि सोयाबीन हातचं गेल्यावर दुसरं कोणीही तेच केलं असतं. गव्हाला पाच पाणी धरा, एका पाण्याला साधारण 65 मिलिमीटर. एका एकराला तेरा लाख लिटर लागतात. एका एकराखाली वर्षभरात मुरतं अडीच लाख. थोडं पाणी परत जमिनीत मुरतं हे खरं, तरी एक एकर गहू पाचेक एकरांचं पुनर्भरण पितो. नऊ एकरांना पंचेचाळीस एकर लागतात. विहिरीत तेवढं नव्हतंच. हरभऱ्याचं एक-दोन पाण्यांवर भागतं.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला, वेचणीला आलेला कापूस भिजला. हरभऱ्याचं एक पाणी वाचलं, पण दोन्ही विहिरींच्या आकड्यांत त्याची खूणही नाही. तो सगळा पाऊस सुकलेल्या मातीनं पिऊन टाकला. जानेवारीच्या मध्यावर नाल्याची 31 फुटांवर, मधली 25 फुटांवर. महाशिवरात्रीला पहिली संपली. मधलीत तेव्हाही चौदा फूट पाणी उभं होतं.

ग्रामसभेत ठरलं ते

1 मे 2024 च्या ग्रामसभेत मुलांनी दोन्ही विहिरींचे आलेख कापडावर रंगवून लावले. निळी रेघ मधलीची, लाल नाल्याची. डीपी जळाल्याचे सहा दिवस त्यांनी पिवळ्या पट्टीत दाखवले होते. गावात डीपी कधी जळाली हे प्रत्येकाला पाठ असतं, त्यामुळं समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. विहिरी खोदणारे काका उठून आलेखाजवळ गेले आणि त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे आपन तिचं बूडच काढलं."

ठरलं ते असं. नाला पुन्हा बुजवणं शक्य नाही, कडेला टाकलेला बराचसा मुरूम वाहून नाही तर वावरात गेलेला. म्हणून तीन जागी आडवे मातीचे बांध घालायचे, पोटात चिकण मातीची भिंत, बाजूला दगडी सांडवा. उद्देश नाल्यात पाणी साठवून उपसण्याचा नाही. नाल्यातलं पाणी डिसेंबरपर्यंत उंच उभं राहिलं की विहिरीचं पाणी तिकडं ओघळणार नाही, एवढ्यासाठी. त्या पाण्यात मोटर टाकायची नाही, यावर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी ते मान्य झालं. दुसरं, बरडावर सलग समतल चर खोदायचे, कारण पाणी धरून ठेवणारा आणि सावकाश सोडणारा दगड तिथं आहे. तिसरं, ऑक्टोबर अखेर नाल्याच्या विहिरीतलं पाणी जमिनीपासून 10 फुटांच्या आत नसेल तर त्या पट्ट्यात गहू नाही. पाचांपैकी तिघांनी हात वर केला. दोघांनी केला नाही. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नाही.

चौथी गोष्ट ठरावात नव्हती. टँकर येईना तेव्हा मधल्या विहिरीच्या काकूंनी स्वतः सांगितलं की माझ्या विहिरीवरून पाइप न्या. पैशाचा विषय निघाला तर म्हणाल्या, "पानी का मी माहेरून आनलं का जी? पन मोटर सकाळीच लावा. दुपारी ढोराईले लागते."

2024 चा पावसाळा पुरता वेगळा होता, पाऊस जास्त आणि बराच वाटून पडला. त्यामुळं ऑक्टोबरची पातळी चढलेली दिसली तरी तिचं श्रेय बांधांना देता येत नाही. पाहायचं ते उघाडीत, मोटारी बंद असताना विहीर किती वेगानं उतरते ते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तशी संधी मिळाली. सोयाबीन निघालेलं, रब्बीला अजून पाणी सुरू नाही. सात दिवसांत नाल्याची विहीर 8 इंच उतरली. आदल्या वर्षी त्याच उंचीच्या जवळपास सहा दिवसांत 14 इंच उतरली होती. एका आठवड्यावरून निकाल द्यायचा नाही, असं मी मुलांना बजावलं आहे. अजून दोन-तीन पावसाळे हीच मोजणी करायची आहे.

तीनपैकी वरचा बांध सप्टेंबरच्या पुरात फुटला, सांडवा अरुंद ठेवला गेला होता. उरलेले दोन टिकले. 8 मार्च 2025 ला, टँकरच्या वर्षी मोटर ज्या तारखेला थांबली त्याच तारखेला, नाल्याच्या विहिरीत पाणी 30 फुटांवर होतं आणि मोटर चालू होती. फुटलेला बांध अजून बांधायचा राहिला आहे. त्याच्या मागच्या काठातली ती ओली रेघ पावसाळा संपला की अजूनही दिसते, पानाची धार लावायची जागा मुलांना माहीत आहे.